झोप लागत नाही, त्यामागचं शरीरशास्त्र

पॅरा-खेळाडूला ‘मोबाइल बाजूला ठेव, लवकर झोप’ एवढं सांगून भागत नाही. व्हीलचेअर रग्बी खेळणाऱ्या अनेकांच्या मानेतल्या मज्जारज्जूला इजा झालेली असते. मेंदूतल्या जैविक घड्याळाचा संदेश मज्जारज्जूतून छातीपर्यंत उतरतो आणि तिथून वळून पुन्हा वर पीनियल ग्रंथीकडे जातो. मानेतच ही वाट पूर्ण तुटली, की झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री स्रवत नाही. प्रशिक्षकाने हे आधी समजून घ्यायलाच हवं. याच खेळाडूंमध्ये झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाणही जास्त असतं. त्यामुळे घोरणं हसण्यावारी नेऊ नये, तपासणी करून घ्यावी.

पूर्ण दृष्टिहीन खेळाडूंपैकी अनेकांचं शरीर २४ तासांचा ताल धरत नाही, कारण प्रकाशाची खूण मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. उठण्याच्या, जेवणाच्या, सरावाच्या ठरलेल्या वेळा त्यांना आधार देतात. मेलाटोनिन जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्था ‘वाडा’च्या प्रतिबंधित यादीत नाही, तरी ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं.

दाबाच्या जखमा टाळायला कूस बदलणं, कॅथेटर लावणं, यासाठी काहींना रात्री उठावंच लागतं. अशांचं सकाळचं सत्र उशिरा ठेवावं आणि दुपारच्या डुलकीला वेळापत्रकात हक्काची जागा द्यावी.