पिवळें निशाण
खासगी बोटीनें मेक्सिकोच्या बंदरांत

परदेशगमन म्हटलें म्हणजे पूर्वीं डोळ्यांपुढें आगबोट उभी राही. आतां विमान उभें राहतें. दोहोंतहि प्रवाशाचें काम तिकीट काढून स्वस्थ बसण्यापुरतेंच असतें. परंतु चार-सहा माणसांच्या शिडाच्या बोटीनें दुसऱ्या राष्ट्राच्या बंदरांत जाणें हा अगदीं निराळा प्रकार आहे. तेथें परक्या घराचें दार आपणच शोधावें लागतें व आपणच ठोठवावें लागतें. अमेरिकेंत सॅन डिएगो येथें स्थायिक झालेल्या आमच्या पुतण्याच्या बोटीनें मेक्सिकोमधील एन्सेनादा बंदरास जाण्याचा योग आम्हां उभयतांस आला. त्या वेळीं जी माहिती झाली ती वाचकांस सादर करीत आहों.

एन्सेनादा हें बाहा कॅलिफोर्निया नांवाच्या लांबट द्वीपकल्पावर, प्रशांत महासागराच्या कांठीं वसलेलें आहे. इ. स. १५४२ मध्यें काब्रियो हा दर्यावर्दी ह्या उपसागरांत आला होता. पुढें १६०२ मध्यें विस्काईनो ह्यानें त्यास 'सर्व संतांचा उपसागर' असें नांव दिलें. सॅन डिएगोपासून समुद्रमार्गें अंतर सुमारें साठ सागरी मैल. ताशीं पांच मैलांच्या चालीनें रात्रीं निघालेली बोट दुसऱ्या दिवशीं तेथें पोंचते. कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट येथून ह्याच बंदरापर्यंत १९४८ सालापासून शिडाच्या बोटींची शर्यत होत आली आहे. तेव्हां ही वाट हौशी नावाड्यांच्या चांगल्या परिचयाची आहे.

जमिनीवर ह्या दोन राष्ट्रांमध्यें उंच कुंपण आहे, चौक्या आहेत, मोटारींच्या लांबच लांब रांगा आहेत. पाण्यावर मात्र कांहींच नाहीं. कोरोनादो नांवाचीं खडकाळ बेटें डाव्या-उजव्या हातास दिसूं लागलीं कीं आपण मेक्सिकोच्या हद्दींत आलों असें नकाशा सांगतो, एवढेंच. अडविणारा कोणी नाहीं, म्हणूनच नियम पाळण्याचा भार सर्वस्वीं तांडेलावर पडतो. हद्दींत शिरतांच पुतण्यानें डोलकाठीच्या उजव्या अंगास एक लहानसें पिवळें निशाण चढविलें. बोटीवर रोगराई नाहीं व आंत येण्याची परवानगी मिळावी, असा त्या निशाणाचा अर्थ सर्व समुद्रांवर समजतात. परवानगी मिळाली म्हणजे तें उतरवून त्या जागीं यजमान राष्ट्राचें निशाण लावावयाचें. आपलें स्वतःचें बोटीच्या मागल्या बाजूस.

एन्सेनादा येथें ही परवानगी एकाच इमारतींत मिळते, ही मोठी सोय होय. परदेशीयांची नोंद करणारे अधिकारी, बंदराचा कप्तान, जकात व पैसे भरण्याची पेढी हीं सारीं शेजारीं शेजारीं आहेत. बोटीच्या मालकीचा दाखला, माणसांची यादी, पारपत्रें, विम्याचा कागद, ह्या सर्वांच्या प्रती लागतात. बोट ह्या देशांत विकली जाणार नाहीं, अशा अर्थाचा तात्पुरत्या आयातीचा परवाना घ्यावा लागतो. तो दहा वर्षें चालतो. बोटीवर मासे धरण्याचें साहित्य असेल तर त्याचा परवाना निराळा. बंदूक किंवा काडतुसें बाळगणें हा तर तुरुंगवासाचा गुन्हा. हिंदी पारपत्र असणारास मेक्सिकोचा व्हिसा, अथवा अमेरिकेचा मुदतींतला व्हिसा, जवळ असावा लागतो. आमचें काम ह्या दुसऱ्यावर भागलें.

एवढ्या कागदांनीं आम्ही कंटाळलों, पण सौभाग्यवती म्हणाल्या, "भावजी असोत कीं जावई, बाहेरून आले म्हणजे आधीं पाय धुवावेत आणि मगच माजघरांत यावें, हें आपण म्हणतोंच ना? तसेंच हें." ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

गांवांत हिंडतांना स्त्रीवर्गाचें लक्ष मक्याच्या पोळ्यांनीं वेधून घेतलें. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, धुऊन, वाटून त्याच्या पिठाची 'तोर्तिया' करतात. भाकरीची ती धाकटी बहीणच शोभेल. मिरची व मका हीं दोन्ही मूळचीं मेक्सिकोकडचीं. पोर्तुगीजांच्या अमदानींत मिरची गोमंतकाच्या वाटेनें आपल्याकडे आली आणि आज तिच्यावांचून आपलें स्वयंपाकघर चालत नाहीं! शाकाहारी मंडळींनीं मात्र एक सावधगिरी ठेवावी. तेथें घेवड्याच्या उसळीसारख्या पदार्थांतहि पुष्कळदां डुकराची चरबी असते. 'मांतेका' घातलें आहे काय, एवढें विचारून घ्यावें.

खरी कसोटी परतीच्या वाटेवर लागते. ह्या किनाऱ्यावर वारा बहुधा वायव्येचा, आणि समुद्राचा प्रवाहहि उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारा. त्यामुळें जातांना जो वारा पाठ थोपटतो तोच येतांना तोंडावर येतो. आमच्या निघण्याच्या दिवशीं वारा जोराचा होता. आम्हांस परत जाण्याची घाई होती, तरी पुतण्यानें स्पष्ट सांगितलें, "काका, इथें वारा सांगेल ती वेळ. आज निघायचं नाहीं." वयानें तो आमच्यापुढें लेंकरूं, पण बोटीवर वडीलपण तांडेलाचें. आम्ही एक दिवस थांबलों. दुसऱ्या दिवशीं वारा पडला, तरीहि येतांना जातांनापेक्षां बराच अधिक वेळ लागला. सॅन डिएगोस पोंचल्यावर शेल्टर आयलंडच्या धक्क्यावर अमेरिकेच्या अधिकाऱ्यांपुढें पुन्हां पारपत्रें ठेवावीं लागलीं, तीं ठेवल्याविना कोणासहि किनाऱ्यावर पाय ठेवतां येत नाहीं.

हा हट्ट निष्कारण नव्हता. सप्टेंबर २०१४ मध्यें ओदिल नांवाचें चक्रीवादळ ह्याच द्वीपकल्पाच्या दक्षिण टोंकावर आदळलें, तेव्हां ला पास बंदरांत नांगरलेल्या कित्येक खासगी बोटी बुडाल्या व प्राणहानीहि झाली. म्हणून तिकडे जाणारे जाणते लोक जून ते नोव्हेंबर हे वादळांचे महिने टाळतात, किंवा बोट सुरक्षित जागीं ठेवून घरीं जातात.

मोकळा समुद्र पाहून तेथें वाटेल तसें वागतां येत असेल, असें किनाऱ्यावरून वाटतें. प्रत्यक्षांत जेथें पहारेकरी नसतो तेथेंच माणसास आपला पहारा आपण करावा लागतो. आमच्या तरुण वाचकांपैकीं कोणास पुढेंमागें अशी संधि मिळाली तर त्यांनीं ती अवश्य घ्यावी. मात्र निघण्यापूर्वीं कागद, वारा आणि तांडेलाचा शब्द, ह्या तिहींचा मान ठेवण्याची मनाची तयारी करावी.