घर आपले, जमीन वस्तीची!

कळंबच काय, मराठवाड्यातील कोणत्याही पंचायत समितीच्या घरकुल विभागात तासभर उभे राहा. एक प्रश्न तुमच्या कानावर पुन्हा पुन्हा पडेल. "जागेचा उतारा आणलाय का?" समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव रमाई आवासच्या यादीत लागलेले असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक सारे पिशवीत असते. नसतो तो फक्त नमुना आठ-अ. कारण तो ज्या पत्र्याखाली तीस वर्षे राहतो, ती जागा त्याच्या नावावर नाही. ज्याला जागा नाही म्हणून घर नाही, त्यालाच घर देण्यापूर्वी जागा दाखव म्हणून सांगायचे, असा हा उलटा न्याय आहे.

यावर सरकारने तोड काढली. २०१५ साली जागा खरेदीसाठी पन्नास हजारांपर्यंत अर्थसाहाय्याची योजना आली. पुढे २०२४ मध्ये ती रक्कम एक लाखावर नेली. चांगली गोष्ट आहे. पण गावात जागा विकणारा कोण आणि तो विकणार कोणाला? आपल्या शेजारी बौद्धाचे किंवा मातंगाचे घर नको, म्हणून दीडपट भाव सांगणारे किंवा सरळ "विकायची नाही" म्हणणारे गावोगाव आहेत. जातीपुढे लाखाचे अनुदानही लंगडे पडते. मग उरते ते गायरान.

गायरान ही कोणी दिलेली भीक नाही, ती लढून मिळवलेली जमीन आहे. १९५३ साली दादासाहेब गायकवाडांनी मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. १९६४-६५ च्या देशव्यापी सत्याग्रहात लाखोंनी तुरुंग भरले. पुढे एकनाथ आवाड यांनी बीड, उस्मानाबाद परिसरात जमीन अधिकार आंदोलन नेले. या रेट्यामुळेच २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय निघाला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. किती फायली तहसीलच्या कपाटात धूळ खात पडल्या, हे कळंब तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

त्यानंतर वारे फिरले. २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील गायरानाबाबत तसाच आदेश दिला आणि वस्त्यावस्त्यांत नोटिसा पोहोचल्या. नोटीस वाचून दाखवणारे अधिकारी २०११ च्या निकालातील एक ओळ मात्र वाचत नाहीत. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने पट्ट्याने दिलेली जमीन, हा नियमितीकरणासाठीचा अपवाद त्याच निकालात नोंदवलेला आहे. धनदांडग्याचा पेट्रोल पंप आणि भूमिहीनाचे खोपट यांत फरक करा, असे न्यायालयानेच सांगितले असताना जेसीबी आधी खोपटाकडे का वळतो?

म्हणून आपली मागणी ठरलेली आहे: राहते घर नावावर करा. ती बरोबरच आहे. पण आता एक पाऊल पुढचा विचार करण्याची वेळ आली आहे. नावावर झाल्यानंतर काय?

आपल्या भागात दिवाळीनंतर वस्त्या ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर जातात. उचल फिटत नाही, बाईचे ऑपरेशन निघते, पोरीचे लग्न येते, सोयाबीन पावसात जाते. अशा वेळी हातात विकण्यासारखे असते ते एकच, नावावर झालेली जागा. रस्त्याकडेचा प्लॉट असेल तर गिऱ्हाईक आधीपासून टपलेलेच असते. आज उतारा मिळाला, पाच वर्षांत दुकानाचे शटर लागले, मूळ मालक पुन्हा गायरानाच्या दुसऱ्या टोकाला पत्रे ठोकतो. पन्नास वर्षांच्या लढ्याने मिळालेली जमीन एका दुखण्यात जाते. दोष त्या माणसाचा नाही. एकट्या गरिबाच्या नावावरची मालकी हे फार कच्चे कुलूप आहे.

नवीन शर्तीची अट हे त्यावर कुलूप होते ना? वतनाच्या जमिनींचे काय झाले ते आठवा. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, असे कायदा म्हणत होता. तरी शहरांच्या कडेच्या किती जमिनी मूळ वतनदारांच्या वारसांकडे उरल्या? २०२५ साली पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तो याच दुखण्याचा ताजा फोड. परवानगीची किल्ली साहेबाच्या हातात असेल तर कुलूप गरिबासाठी बंद आणि श्रीमंतासाठी उघडे राहते. किल्ली वस्तीच्या हातात हवी.

ही कल्पना जगात कुणी करून पाहिली आहे का? पाहिली आहे, आणि तीही आपल्यासारख्याच माणसांनी. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय मजुरांनी मतदार म्हणून नाव नोंदवले की गोरे जमीनदार त्यांना खोपटातून हुसकावून लावत. जमीन त्यांची, घर त्यांचे, मग मत तरी तुमचे कसे? चार्ल्स शेरॉड, स्लेटर किंग या नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्यांनी ओळखले की पायाखाली जमीन नसेल तर हक्क कागदावरच राहतात. १९६९ मध्ये त्यांनी 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था काढली आणि ऑल्बनी गावाजवळ सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. जमीन संस्थेची, ती विकायची नाही. घर आणि कष्टाचे फळ कुटुंबाचे. जगात आज 'कम्युनिटी लँड ट्रस्ट' म्हणजे सामुदायिक भूमी न्यास म्हणून जे ओळखले जाते, त्याचा हा पहिला पाया.

गंमत अशी की या कल्पनेमागे इस्रायलच्या भाडेपट्ट्याच्या वसाहतींबरोबरच विनोबांच्या ग्रामदानाचीही प्रेरणा होती. आपल्याकडे गावाच्या नावाने सांगितलेली गोष्ट तिकडे पीडितांनी आपल्या हातात घेतली, हा फरक लक्षात ठेवा.

त्या प्रयोगाचा शेवट मात्र डोळ्यांत अंजन घालणारा आहे. दुष्काळ पडला, सरकारी शेती कर्जखात्याने गोऱ्या शेतकऱ्यांना मदत दिली आणि यांना अडवले. १९८५ मध्ये कर्जापोटी सारी जमीन गेली. भेदभावाचा दावा पुढे चालला, २००९ मध्ये सुमारे १२० लाख डॉलरची भरपाई मिळाली आणि २०११ मध्ये त्याच लोकांनी, कधीकाळी गुलामांच्या मालकाची असलेली १,६०० एकरांहून अधिक जमीन विकत घेतली. धडा दुहेरी आहे. जमीन सामुदायिक असणे पुरेसे नाही, ती गहाण पडता कामा नये. आणि व्यवस्थेने पाडले तरी संघटना टिकली तर माणसे पुन्हा उभी राहतात.

दुसरे उदाहरण आपल्या गायरानाला आणखी जवळचे. प्युएर्टो रिको बेटावर सान हुआन शहरात मार्टिन पेन्या नावाच्या कालव्याकाठी खेड्यांतून आलेल्या गरिबांनी दलदलीवर झोपड्या बांधल्या. सरकारच्या भाषेत अतिक्रमण. कालवा साफ करायचे ठरले तेव्हा लोकांच्या ध्यानात आले की कालवा साफ होईल, जागेला भाव येईल आणि आपण बाहेर फेकले जाऊ. प्रत्येकाला वेगळा उतारा हवा की सगळ्यांची जमीन एकत्र ठेवायची, यावर वस्तीवस्तीत बैठका झाल्या. त्यांनी एकत्र ठेवायची ठरवली. २००४ साली कायदा होऊन जमीन न्यासाकडे आली. २००९ मध्ये राजकारण्यांनी ती काढून घेतली. लोक लढले आणि २०१३ मध्ये परत मिळवली. घर बांधण्याचा, वारसाला देण्याचा हक्क कुटुंबाकडे; जमीन मात्र कोणा बिल्डरला मिळू शकत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सारे परदेशी. तर मग बाबासाहेब वाचा. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे कोणी जमीनदार, कोणी कूळ आणि कोणी भूमिहीन मजूर उरणार नाही, अशी मांडणी केली. अस्पृश्यांसाठी पडीक सरकारी जमिनीवर स्वतंत्र वसाहती उभारण्याची मागणीही त्याच निवेदनात आहे. कळंबकरांना तर आणखी जवळची आठवण आहे. आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषदेला बाबासाहेब आले होते. वतनाची जमीन समाजाच्या सामाईक हक्काची होती, पण ती राबणुकीच्या बेडीसह मिळालेली होती. म्हणूनच १९२८ पासून ते वतनाविरुद्ध लढले. बाबासाहेबांचा विरोध गुलामीला होता, एकत्र धारण करण्याला नव्हता.

इथे एक इशारा आवश्यक आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली जमीन ग्रामसभेच्या नावे केली. त्यांचे अभिनंदन. पण ते एकजिनसी गोंड आदिवासींचे गाव आहे. आपल्याकडची ग्रामसभा कोणाच्या ओट्यावर भरते आणि तिथे कोणाचा आवाज चालतो? बाबासाहेबांनी घटना समितीत गावगाड्याबद्दल दिलेला इशारा मराठवाड्यात अजून जिवंत आहे. म्हणून जमीन गावाच्या नावे नको, वस्तीच्या नावे हवी.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 'भाडेकरू-मालकी' गृहनिर्माण संस्था हा प्रकार आहे. त्यात जमीन संस्थेची असते आणि घर सभासदाचे. मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थांना सरकारी जमीन देण्याची परंपराही राज्यात जुनी आहे. अशा अनेक संस्थांचे काय झाले, हाही प्रश्न रास्त आहे. कुठे बोगस सभासद घुसले, कुठे चेअरमनच मालक झाला. तेव्हा उपविधीतच चार गोष्टी पक्क्या करा. जमीन विकायची नाही आणि गहाणही ठेवायची नाही. घर पती-पत्नी दोघांच्या नावे, विधवा आणि परित्यक्तेचा हक्क आधी. कार्यकारिणीत राहणारे, प्रतीक्षा यादीतले आणि बाहेरचे जाणकार असे तिन्ही असावेत, आणि हिशेब दर वर्षी वस्तीत वाचून दाखवावा. चौथी गोष्ट, सोडून जाणाऱ्याला न्याय्य मोबदला.

या चौथ्या मुद्द्यावर कार्यकर्ते चिडतात आणि त्यांचा राग खरा आहे. "सवर्णाने प्लॉट विकून कोटी कमवायचे आणि आमच्याच पायात साखळी का?" समजा, एका कुटुंबाने अनुदानात स्वतःचे एक लाख घालून घर बांधले, पुढे संडास आणि एक खोली वाढवली. ते पुण्याला कायमचे जाणार असेल तर त्याने घातलेला पैसा महागाईच्या वाढीसह आणि वाढवलेल्या बांधकामाची किंमत संस्थेमार्फत मिळेल, आणि घर यादीतल्या पुढच्या बेघर कुटुंबाला जाईल. कष्टाचा पैसा कोणी बुडवत नाही. सोडायचा आहे तो फक्त जमिनीच्या भाववाढीचा नफा. ती जमीन एकट्याने मिळवलेली नव्हती, हजारोंच्या तुरुंगवासातून मिळालेली होती. आपल्या आजोबाने घेतलेल्या लाठीवर दुसऱ्या कोणाच्या नातवालाही छप्पर मिळावे, एवढेच हे मागणे आहे.

तेव्हा कळंब तालुक्यातील कार्यकर्त्यांनी यंदा निवेदनाचा मजकूर बदलावा. वस्तीचे मोजमाप करून घ्या, गायरानातील राहते क्षेत्र गावठाण विस्तारात मागा, आणि मागताना पन्नास वेगळे अर्ज न देता पन्नास सह्यांचा एकच संस्थेचा अर्ज द्या. पन्नास अर्ज पन्नास टेबलांवर हरवतात. एक अर्ज हरवायचा तर साहेबाला पन्नास कुटुंबांना तोंड द्यावे लागते. पंचायत समितीत पुन्हा कोणी जागेचा उतारा मागितला, तर संस्थेचा उतारा पुढे ठेवता आला पाहिजे. त्यावर नाव वस्तीचे असेल आणि तो एकट्याला विकता येणार नाही.