उभी चौकट आणि उजवे कोपर

कॅमेऱ्याच्या दुकानात ‘बॅटरी ग्रिप’ या नावाने जी वस्तू मिळते, तिच्याविषयीचा निम्मा गैरसमज त्या नावानेच निर्माण होतो. डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसणारा हा एक जोडभाग. त्यामुळे एकाऐवजी दोन बॅटऱ्यांवर कॅमेरा चालतो, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. ‘मग एक जादा बॅटरी खिशात ठेवली की झाले, एवढे ओझे आणि एवढा खर्च कशाला?’ असे आपल्या छायाचित्रणप्रेमी डॉक्टर मित्रांनी मला अनेकदा विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. केवळ बॅटरीचाच विचार केला, तर त्यांचे म्हणणे मला मान्यही आहे. परंतु या वस्तूचे खरे काम आपल्या उजव्या कोपराशी, मनगटाशी आणि खांद्याशी निगडित आहे, आणि हा विषय वैद्यकीय व्यावसायिकांच्या जिव्हाळ्याचा असल्याने या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

कॅमेरा आडवा का झाला?

छायाचित्राची चौकट उभी हवी असेल तर कॅमेरा फिरवावा लागतो, ही गोष्ट आज आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही अडचण आहे असे वाटतच नाही. जुन्या पिढीतील रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात चौकट ६ बाय ६ सेंटिमीटरची, म्हणजे चौरस असे. तेथे उभे-आडवे हा प्रश्नच नव्हता. १९७० साली आलेल्या मामिया आरबी ६७ या स्टुडिओतील कॅमेऱ्याची पाठ फिरवता येत असे; कॅमेरा स्थिर, फक्त पाठ उभी किंवा आडवी. त्याच्या नावातील ‘आरबी’ ही अक्षरे या फिरत्या पाठीचीच आहेत.

अडचण आणली ती १९२५ साली बाजारात आलेल्या लायकाने आणि त्याच्या ३५ मिलिमीटर फिल्मने. २४ बाय ३६ मिलिमीटरची ती आडवी चौकट पुढे जगभर रूढ झाली आणि डिजिटल कॅमेऱ्यांनीही तिचेच ३ : २ हे प्रमाण उचलले. मूठ, बटण, चकती ही सारी रचना आडव्या चौकटीसाठी झाली. उभी चौकट हवी असणाऱ्याने स्वतःचा हात वाकवून घ्यावा, हे गृहीत धरले गेले.

यावरचा उपाय दुसऱ्याच गरजेतून आला. १९५९ च्या निकॉन एफ कॅमेऱ्याला फिल्म वेगाने पुढे सरकवणारी मोटर जोडता येत असे. पुढे या मोटरीचा आणि तिच्या सेलचा ठोकळा कॅमेऱ्याच्या तळाशी हातात मावेल अशा आकाराचा झाला. तेथे मूठ तयार आहे, तर तिच्यावरच दुसरे शटर बटण का बसवू नये, ही कल्पना मग सुचली. निकॉन एफ ५ (१९९६) आणि त्या कंपनीचा डिजिटल डी १ (१९९९) यांत ही उभी मूठ अंगचीच होती. इतर कॅमेऱ्यांसाठी ती वेगळी मिळू लागली. फिल्म गेली, मोटर कॅमेऱ्याच्या पोटात गेली, ठोकळ्यात उरली फक्त बॅटरी. आणि म्हणून नाव पडले ‘बॅटरी ग्रिप’.

हात, मनगट आणि खांदा

ग्रिप नसलेला कॅमेरा उभा धरून पाहा. उजवा हात वर जातो, कोपर बाहेरच्या बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत उचलले जाते आणि मनगट वाकते. एका छायाचित्रापुरते हे ठीक. पण स्नेहसंमेलनात शंभर मुलांची छायाचित्रे काढायची असतील, तर डेल्टॉइड आणि सुप्रास्पायनेटस हे स्नायू सतत ताणलेल्या स्थितीत राहतात. अशा स्थिर आकुंचनात स्नायूंचा रक्तपुरवठा कमी होतो, थकवा लवकर येतो आणि हाताला सूक्ष्म कंप सुटतो. मनगट थोडे मागे झुकलेले असताना आपली पकड सर्वांत मजबूत असते आणि ते तळव्याकडे वाकले की ती ढिली पडते, हे आपण जाणतोच. म्हणजे ज्या क्षणी बोटाने बटण हलक्या हाताने दाबायचे, त्याच क्षणी त्याचा आधार आपण काढून घेतलेला असतो. छायाचित्र हलते ते येथे.

ग्रिप लावल्यावर कॅमेरा फिरवला की तिची मूठ उजव्या तळहातात येते. कोपर बरगडीला टेकलेले, मनगट सरळ, डावा हात भिंगाखाली. आडव्या चौकटीत शरीराची जी ठेवण असते तीच येथे कायम राहते. चांगल्या ग्रिपवर शटरखेरीज नियंत्रणाच्या चकत्या आणि फोकसचे बटणही असते, त्यामुळे बोटांना नवे काही शिकावे लागत नाही.

पन्नाशीच्या आसपासच्या आपल्या पिढीत खांदा आखडण्याचा विकार आढळतो आणि मधुमेहींमध्ये तो अधिक आढळतो. अशा व्यक्तीला कोपर वर उचलणेच कठीण जाते. त्यांच्या दृष्टीने ग्रिप ही चैन राहत नाही.

तपासणीच्या खोलीतील दोन सेकंद

माझ्या व्यवसायात ग्रिपचा सर्वाधिक उपयोग झाला तो मुडदूस झालेल्या मुलांच्या पायांची नोंद ठेवताना. दोन वर्षांपर्यंत पाय बाहेरच्या बाजूला थोडे वाकलेले असणे स्वाभाविक असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उलट गुडघे आत झुकतात आणि सातव्या वर्षापर्यंत पाय बहुधा सरळ होतात. या स्वाभाविक क्रमाबाहेर कोण आहे आणि उपचाराने कोण सुधारत आहे, हे पाहण्यासाठी दर तीन महिन्यांनी डोक्यापासून पावलांपर्यंत एक छायाचित्र मी काढतो. क्ष-किरण आणि रक्ततपासणीला हा पर्याय नव्हे, त्यांना पूरक अशी ही नोंद.

उभे मूल ही मुळातच उभी चौकट. माझ्या निकॉन डी ३०० वर ५० मिलिमीटरचे भिंग असताना ११० सेंटिमीटर उंचीचा भाग उभ्या चौकटीत बसवायला सुमारे २.३ मीटर अंतर लागते; आडव्या चौकटीत तेच ३.५ मीटर होते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत ३.५ मीटर आणायचे कोठून? शिवाय उभ्या चौकटीत त्या उंचीसाठी ४२८८ बिंदू मिळतात, आडवीत २८४८. प्रत्येक मिलिमीटरमागे जवळजवळ चार बिंदू की अडीच, असा हा फरक आहे आणि दोन गुडघ्यांमधील अंतर ताडून पाहताना तो जाणवतो.

मूल रुंद चौरंगावर उभे, आई शेजारी, मी समोर पाटावर. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असल्याने अंतर दर वेळी तेच. अडीच वर्षांचे मूल गुडघ्याच्या वाट्या समोर ठेवून जेमतेम दोन सेकंद सरळ उभे राहते. त्या दोन सेकंदांत माझी दोन्ही कोपरे माझ्या गुडघ्यांवर टेकलेली असतात. ग्रिपशिवाय उजवे कोपर हवेत राहते आणि ही बैठक साधत नाही.

एका मुलीच्या आजींचा उपचारांवरील विश्वास उडत चालला होता. ‘सहा महिने औषध चालू आहे, पाय तसेच आहेत,’ असे म्हणून त्या औषध थांबवण्याच्या विचारात होत्या. रोज पाहणाऱ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही. तीन भेटींची तीन छायाचित्रे मी शेजारी शेजारी ठेवली. अंतर एक, उंची एक, चौकट एक. आजींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘अहो, मधली फट कमी झाली आहे की!’ औषध चालू राहिले. छायाचित्रे दर वेळी वेगवेगळ्या अंतरावरून, तिरकी काढलेली असती, तर त्यांना ती दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

अशा छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी, ती घरगुती छायाचित्रांत मिसळू देऊ नयेत आणि व्याख्यानात दाखवताना चेहरा झाकावा, हे वेगळे सांगायला नकोच.

बॅटरीचे गणित

आता नावातल्या बॅटरीकडे वळू. डी ३०० आणि त्याची एमबी-डी १० ही ग्रिप यांचे उदाहरण घेतो. कॅमेरा एकटा सेकंदाला ६ छायाचित्रे घेतो. ग्रिपमध्ये त्याचीच नेहमीची ईएन-ईएल ३ई बॅटरी घातली तरी वेग ६ च राहतो. मात्र मोठी ईएन-ईएल ४ए किंवा ८ पेन्सिल सेल घातले की तो ८ वर जातो. कारण व्होल्टेजचे आहे. नेहमीची बॅटरी ७.४ व्होल्टची, मोठी ११.१ ची, निकेल मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे ८ सेल मिळून ९.६ होतात. ‘ग्रिप घेतली पण वेग वाढला नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आत कोणती बॅटरी आहे ते आधी पाहावे.

पेन्सिल सेल वापरताना त्यांचा प्रकार कॅमेऱ्याच्या मेन्यूत निवडावा लागतो. अल्कलाइन आणि रिचार्जेबल सेलचे व्होल्टेज वेगवेगळ्या रीतीने उतरत असल्याने एरवी उरलेली शक्ती चुकीची दिसते. आधी कोणती बॅटरी संपवायची तेही तेथे ठरवता येते. मी ग्रिपमधील आधी संपवतो, म्हणजे ग्रिप काढली तरी कॅमेऱ्यातील बॅटरी भरलेली असते.

इंदुरात याची परीक्षा अनंत चतुर्दशीच्या रात्री होते. कापड गिरण्या बंद पडून वर्षे लोटली, तरी त्यांच्या नावाच्या झांक्या अजून रात्रभर निघतात. पुढे लाठी आणि तलवार फिरवणारे आखाड्याचे तरुण असतात. हात वर, पाय जमिनीवर, म्हणजे पुन्हा उभी चौकट. गर्दीत पहाटेपर्यंत बॅटरी बदलावी लागत नाही, हे सुख तेथे कळते.

अर्भकाएवढे ओझे

दोषही सांगायला हवेत. ८ सेल घातलेली ही ग्रिप जवळजवळ अर्धा किलो भरते. कॅमेरा आणि ७०-२०० मिलिमीटरचे जड भिंग जोडले की एकूण वजन पावणेतीन ते तीन किलो होते. एखाद्या नवजात अर्भकाएवढे! बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांचे मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखते, तो डी क्वेर्व्हेन यांचा विकार आपल्या परिचयाचा आहे. जड भिंगाखाली अंगठा ताणून धरणाऱ्या डाव्या हातालाही तोच धोका असतो. म्हणून भिंग पूर्ण तळव्यावर तोलावे, अंगठा ताणू नये आणि दोन छायाचित्रांच्या मध्ये कॅमेरा खाली घ्यावा. ग्रिप उजव्या खांद्याचा भार हलका करते, पण डाव्या मनगटाचा वाढवते. ज्याचे मनगट आधीच दुखते, त्याने ती घेऊ नये.

ट्रायपॉडवरही ती फारशी हितकर नाही. कॅमेरा आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये आणखी एक सांधा येतो आणि किंचित हलतो. सावकाश, स्थिर काम असेल तेव्हा मी ती काढून ठेवतो. प्रवासात निसर्गदृश्येच टिपायची असतील तर ती घरीच राहते.

थोडी निगा

ग्रिपचा स्क्रू सैल झाला की विद्युत संपर्क क्षणभर तुटतो आणि कॅमेरा मध्येच बंद पडतो. वापरापूर्वी तो घट्ट आहे ना, हे पाहावे. कॅमेऱ्याच्या तळाचे रबरी टोपण काढून ग्रिपवरच्या खाचेत ठेवावे, नाही तर ते हमखास हरवते. कॅमेरा आडवा वापरताना ग्रिपवरील बटणाचे कुलूप लावावे, म्हणजे तळहाताच्या दाबाने नको ती छायाचित्रे निघत नाहीत. ग्रिप ठेवून देताना अल्कलाइन सेल आत राहू देऊ नयेत. त्यांतून झिरपणारे क्षार संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकतात. उभ्या चौकटीत वरचा फ्लॅश बाजूला जातो आणि मुलाची गडद सावली भिंतीवर पडते. तेव्हा फ्लॅशचे तोंड छताकडे वळवावे.

आरशाविना चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांनीही हीच बाब अधोरेखित केली. निकॉनच्या पहिल्या झेड ६ आणि झेड ७ साठी आलेल्या एमबी-एन १० मध्ये दोन बॅटऱ्या मावत, पण उभे बटण नव्हते. ओझे आणि खर्च दोन्ही झाले, तरी कोपर वरच राहिले. २०२० च्या दुसऱ्या पिढीतील कॅमेऱ्यांबरोबर आलेल्या एमबी-एन ११ मध्ये ते बटण बसवण्यात आले.

तेव्हा ग्रिप घेण्याच्या विचारात असलेल्या मित्रांना माझे सांगणे एवढेच: दुकानात ती कॅमेऱ्याला लावून मागा, आपले नेहमीचे भिंग चढवा आणि कॅमेरा उभा धरून पाच मिनिटे तसेच उभे राहा. उजवा खांदा सैल राहिला आणि डावे मनगट कुरकुरले नाही, तर ती जरूर घ्यावी. मनगट कुरकुरले, तर जादा बॅटरी खिशात ठेवणेच बरे. आपण ज्यांची छायाचित्रे अधिक काढतो ती मुले, नातवंडे बहुतेक उभीच असतात, एवढे मात्र निवड करताना ध्यानात असू द्यावे.