फुलपात्रभर पाणी

गेल्या वर्षी आमच्या गणपतीच्या गालावर, सोंडेच्या अगदी कडेला, मोहरीएवढा ठिपका होता. कारागिराला विचारलं तर म्हणाला, "गन थुंकली." रंगाची गन थुंकते म्हणजे काय, ते बघायला यंदा आषाढात पेणजवळच्या हमरापूरला गेलो.

घराच्या पडवीतच कारखाना. ओळीने मूर्ती, कोपऱ्यात ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर. रंग त्या घरच्या वहिनींचा दीर मारतो, टाकी वहिनींकडे. काम थांबलं की त्या बटण बंद करतात, काटा २० पौंडांवर येईपर्यंत गनमधून हवा सोडतात आणि टाकीच्या पोटाखालचा कॉक हळूच फिरवतात. फुस्स करून पाणी येतं, आधी तांबूस, मग दुधट, तेलकट. वास पावसात भिजलेल्या खिडकीच्या गजांचा. परतीच्या एसटीतही तो माझ्या बोटांना येत होता.

"पावसाळ्यात दिवसाला हे एक फुलपात्र भरतं, भाऊ. थंडीत निम्मंही नाही."

हिशेब बरोबर आहे. ८ बारवर या टाकीत बाहेरची सुमारे ४५० लिटर हवा कोंबलेली असते. तिच्यातली वाफ मात्र ५० लिटर हवेला पेलते तेवढीच टिकते. बाकीचं, कोकणातल्या जुलैत साधारण दोन चमचे, तळाशी उतरतं. दिवसभर टाकी भरत-रिकामी होत राहते, म्हणून एक फुलपात्र. टाकीला बाहेरून चकचकीत लाल रंग, आत कोरा पत्रा. विकणारा रंग दाखवतो, कॉक कुठे आहे ते नाही.

पाणी अडवणारा ट्रॅपही आहे. दुकानदाराने तो टाकीच्या तोंडाशीच बसवला होता. तिथे हवा गरम असते, वाफ तशीच पुढे निसटते आणि पाइपात थंडावून गनमधून गालावर. वहिनींनी तो काढून लांब पाइपाच्या शेवटी, गनजवळ लावून घेतला.

आधीच्या टाकीला तळाशी गंजून सुईएवढं भोक पडलं होतं. वेल्डर टाका मारायला तयार होता. "एक भोक दिसलं, बाकीचा पत्रा किती उरलाय ते कोण बघणार?" म्हणून त्यांनी ती भंगारात घातली. दीर अजून त्या पैशांसाठी हळहळतो.

मी गेलो त्या दिवशी फुलपात्र अर्धंच भरलं. "आज पाणी कमी, बरं झालं," दीर म्हणाला. वहिनींच्या कपाळाला आठी. काटा शून्यावर येऊ दिला, मग त्यांनी कॉकच्या तोंडात तार घातली. गंजाची नखाएवढी खपली निघाली आणि तिच्यामागून बारीक धार लागली. फुलपात्र काठाला आलं तेव्हा कुठे त्या हात धुवायला उठल्या. कॉक रात्रभर उघडाच राहिला.