*ई-नाम लिलाव: बोलीत एक शून्य जास्त पडलं तर?*



सोयाबीनला क्विंटलमागे ४,५०० ऐवजी ४५,००० ची बोली दिसली, तर हुरळून जाऊ नका. बोली स्वीकारायची की नाकारायची, हा हक्क तुमचा. आधी बाजार समितीत फोन करून खात्री करा. उघड चूक धरून बसलात तर माल पडून राहील.

पण भाव उतरल्यावर व्यापारी "चुकून पडली" म्हणाला तर? करार कायदा १८७२, कलम २२: केवळ एकाची चूक झाली म्हणून सौदा मोडता येत नाही.

✅ लॉट नंबर, स्क्रीनशॉट जपा.
✅ तोंडी सौदा मोडू नका. समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.
✅ पैसे जमा झाल्याशिवाय माल उचलू देऊ नका.

अडलं तर कंपनीच्या ऑफिसात या.