समोरचा संघ

पावसाळ्याचा जोर ओसरू लागला की जालना जिल्ह्यातल्या शाळांच्या मैदानांवर पांढरी फक्की पडू लागते. तालुका क्रीडा स्पर्धा आल्या, ही त्याची खूण. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट. तालुका जिंकला की जिल्हा, मग विभाग, मग राज्य. सांघिक खेळांत बहुतेक सगळीकडे बाद पद्धत, म्हणजे हरला तो घरी.

मी जालन्यातल्या मुलांच्या एका खासगी शाळेकडून कबड्डी खेळलो. महिनाभर पहाटे सराव केला आणि एका सकाळी, एकाच सामन्यात वर्ष संपलं. ज्या शाळेने हरवलं तिच्या नावाने आम्ही पुढे वर्षभर दात-ओठ खात होतो. पण त्या सात पोरांपैकी एकाचंही नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. गेली अनेक वर्षं शालेय खेळांबद्दल वाचताना, सामने पाहताना मला हीच गोष्ट टोचत आली आहे. आपण शाळाशाळांत चुरस पेटवतो, पण समोरचा संघ कोण आहे हे मुलांना कळूच देत नाही.

खासगी शाळांची चुरस हा प्रकार आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. ईटन आणि हॅरो या दोन शाळांचा क्रिकेट सामना लंडनमध्ये १८०५ साली झाला, आणि त्यात हॅरोकडून कवी बायरन खेळला होता. पुढे ईटनचाच एक विद्यार्थी, लॉर्ड हॅरिस, १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईतली शाळांची मानाची हॅरिस ढाल त्याच्याच नावाची, आणि धाकट्या मुलांसाठीची जाइल्स ढाल तिची जोडीदार. १८७० च्या ईटन-हॅरो सामन्यात याच हॅरिसने चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडलेल्या नॉन-स्ट्रायकरला धावबाद केलं होतं. नियमात बसणारं, पण खिलाडूपणात बसतं का? हा वाद दीडशे वर्षांनीही मिटलेला नाही. शालेय खेळाच्या मुळाशीच तो आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हॅरिस ढाल म्हटलं की सगळ्यांना फेब्रुवारी १९८८ आठवतो. मुंबईचं आझाद मैदान, उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, अभंग भागीदारी ६६४ धावांची. शारदाश्रमचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण डाव घोषित करा म्हणून खुणा करत होते आणि पोरं तिकडे बघतच नव्हती. शेवटी सरांशी फोनवर बोलणं झालं आणि २ बाद ७४८ वर डाव थांबला. कांबळी ३५० साठी एक धाव मागत होता. सरांनी ती दिली नाही. भागीदारीचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्या न दिलेल्या एका धावेत गुरू दिसतो.

मग झेवियर्सचं काय झालं? त्यांचा डाव १४५ धावांत आटोपला आणि कांबळीनेच सहा गडी घेतले. त्या दिवशी मार खाल्लेल्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता. मार्च २००१ मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो भारताकडून पहिली कसोटी खेळला, त्याच संघात सचिनही होता. शाळेत ज्याने फोडून काढलं, त्याच्याच खांद्याला खांदा लावून. चुरस टिकते ती अशी, समोरचा माणूस उभा राहिला तर.

पण दरवेळी तो उभा राहत नाही. मोठ्या शाळा आता खेळाडू हेरून, फी माफ करून प्रवेश देतात. गरीब घरच्या गुणी पोराला त्याने दार उघडतं, हे मी मान्य करतो. पण पहिल्याच फेरीत त्याच्यासमोर बॅट धरायला नुकतीच शिकलेली मुलं येतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये रिझवी स्प्रिंगफील्डच्या पृथ्वी शॉने हॅरिस ढालीत ५४६ केल्या. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ केल्या. संघाच्या ३ बाद १४६५. समोरच्या आर्य गुरुकुलचे डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. त्यांच्या मोठ्या मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या, म्हणून लहानगे उतरवले होते. त्या लहानग्यांनी सामना सोडला नाही. चेंडू सीमेपार जात राहिला आणि ती मुलं तो आणून पुन्हा टाकत राहिली. जगभर प्रणवचं नाव गाजलं, ते योग्यच झालं. खिलाडूपणाचं बक्षीस मात्र त्या हरलेल्या संघाला मिळायला हवं होतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हॅरिस ढालीत एका शाळेचा संघ ७ धावांत बाद झाला. सातही अवांतर, एकाही फलंदाजाच्या नावावर धाव नाही. हार ७५४ धावांनी. त्या शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लाज असलीच तर ती अशी जोडी लावणाऱ्या मोठ्यांची आहे, पोरांची नाही.

आपल्या जालन्याने मोठे खेळाडू दिलेच नाहीत असं नाही. क्रिकेटपटू विजय झोल जालन्याचा. २०११ साली कूचबिहार करंडकात महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. हा करंडकसुद्धा मुळात शालेय संघांचा होता, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. आणि चुरशीतला खिलाडूपणाही जालन्याने पाहिला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कुस्तीची महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली, तेव्हा बाला रफिक शेखने आदल्या वर्षीच्या विजेत्या अभिजित कटकेला हरवलं. कुस्तीत आधी हस्तांदोलन होतं, शेवटी गळाभेट. तालमीतल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही, कारण समोरचा मल्ल नसेल तर कुस्तीच नाही, हे तो रोज अंगावर माती घेऊन शिकतो.

शाळांत हेच घडवायचं तर बाद पद्धतीच्या एका सकाळवर भागणार नाही. शासनाच्या स्पर्धा आहेत तशा राहोत. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि नोकरीतलं ५ टक्के आरक्षण त्यांच्याशी जोडलेलं आहे, म्हणून पालकांचा जीव त्यांत अडकतो. पण त्याखेरीज दोन शाळांनी ठरवून वर्षातून दोनदा खेळायला काय हरकत आहे? एकदा यांच्या मैदानावर, एकदा त्यांच्या. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, जे जमेल ते. ताकद तोलूनमापून संघ करायचे, राखीव मुलांनाही उतरवायचं आणि सामना संपल्यावर दोन्ही संघांनी एकाच पंगतीला बसायचं. ढाल नको, बक्षिसाची रक्कम नको. खर्च एका टेम्पोचा आणि पोह्यांचा.

जालना, अंबड, परतूर, भोकरदन इथल्या खासगी शाळांच्या संचालकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की ज्या शाळेकडून यंदा हरलात, तिच्या मुख्याध्यापकांना पहिलं पत्र लिहा आणि त्यांच्या मुलांना खेळायला बोलवा.