कोरा नमुना

जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतले शिसे वितळवणाऱ्या कारखान्यात हवेची तपासणी असते, तेव्हा पाळी सुरू होताना कामगाराच्या कमरपट्ट्याला एक छोटा पंप अडकवतात. पंपाची नळी पाठीवरून खांद्यावर येते आणि कॉलरला चिमट्याने लावलेल्या प्लॅस्टिकच्या डबीपाशी थांबते. डबीत कागदासारखा पातळ फिल्टर असतो. नाकातोंडापासून तो जेमतेम वीतभर दूर. पंप मिनिटाला साधारण दोन लिटर हवा ओढत राहतो. माणूस भट्टीजवळ जातो, घाम पुसतो, चहाला बसतो, आणि त्याने जी हवा छातीत घेतली तिचा एक वाटा फिल्टरमधून जातो. आठ तासांत जवळपास एक घनमीटर हवा होते. आपल्याकडे कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शिशासाठी मर्यादा लिहिलेली आहे ती घनमीटरमागे ०.१५ मिलिग्रॅम. एवढे शिसे म्हणजे वजनाने मिठाचे दोन-तीन कण.

हे दोन-तीन कण प्रयोगशाळेत आम्लात विरघळवून मोजायचे असतात. म्हणून रसायनतज्ज्ञ त्या दिवशी आणखी एक डबी सोबत नेतो. तिचे झाकण कारखान्यात उघडतो आणि लगेच लावतो. पंपाला ती जोडतच नाही. बाकीच्या डब्यांबरोबर तीही त्याच पेटीतून परत येते, तिच्यातला फिल्टरही त्याच आम्लात विरघळतो. प्रयोगशाळेत तिला ‘ब्लँक’ म्हणतात, आपण कोरा नमुना म्हणू. त्यात शिसे सापडले, तर ते कामगाराने श्वासात घेतलेले नव्हे. ते फिल्टरमधले, आम्लातले, काचेच्या भांड्यातले किंवा खुद्द मोजणाऱ्याच्या हातावरचे. कोरा नमुना कोरा नसेल, तर पुढचा कोणताही आकडा विश्वासाचा राहत नाही. नवशिक्याला ही डबी नुसती औपचारिकता वाटते. मला मात्र या साऱ्या कामातली हीच सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते, कारण विसाव्या शतकात अख्ख्या जगाचा कोरा नमुना हरवला होता आणि तो हरवल्याचे कळायला चाळीस वर्षे लागली.

डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना आढळले की टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये किंचित मिसळले तर इंजिनातली खडखड थांबते. तीन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १९२४ मध्ये, न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या शुद्धीकरण केंद्रात हे द्रव्य बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले, झटके येऊ लागले. पाच जण दगावले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रव्याने हात धुतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. स्वतः मिजली त्याआधी शिशाच्या विषबाधेतून उठले होते. पुढच्या वर्षी सरकारने बोलावलेल्या परिषदेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी निक्षून विरोध केला. कारखान्याकारखान्यांत फिरून विषबाधा झालेल्या कामगारांची दुखणी नोंदवण्यात त्यांनी उमेदीची वर्षे घातली होती. तरीही शिसेयुक्त पेट्रोल रस्त्यावर आलेच.

ते सुरक्षित आहे हे सांगण्याचे काम प्रामुख्याने डॉ. रॉबर्ट केहो यांनी केले. हे द्रव्य विकणाऱ्या एथिल कंपनीचे ते वैद्यकीय सल्लागार होते. शिसे हाताळणारे कामगार आणि न हाताळणारे कामगार यांच्या शरीरातले शिसे त्यांनी मोजले. दोन्हींकडे सापडले. मग ते मेक्सिकोतल्या दूरच्या खेड्यात गेले. तिथेही सापडले. ज्याच्यात-त्याच्यात शिसे आहे, म्हणजे ते निसर्गतःच शरीरात असते, शरीर ते पचवते आणि बाहेर टाकते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शंभर मिलिलिटर रक्तात ८० मायक्रोग्रॅमच्या खाली धोका नाही, ही त्यांची मर्यादा कित्येक दशके चालली. पण कारखान्यातला शिसे न हाताळणारा कामगारही त्याच धुळीत वावरत होता आणि मेक्सिकोतली माणसे शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत होती. केहो यांनी ज्याला कोरा नमुना धरले, तो आधीच माखलेला होता.

हे ज्याने उघडकीस आणले त्या माणसाचा कामगारांच्या आरोग्याशी सुरुवातीला काडीचाही संबंध नव्हता. आयोवात १९२२ मध्ये जन्मलेले क्लेअर पॅटरसन हे रसायनतज्ज्ञ. शिकागो विद्यापीठात डॉक्टरेट करताना त्यांना काम मिळाले ते झिरकॉन नावाच्या खनिजाच्या बारीक स्फटिकांतले शिसे मोजण्याचे. युरेनियमचे हळूहळू शिसे होते, म्हणून दोहोंच्या प्रमाणावरून खडकाचे वय काढता येते. पहिला खडक मुद्दाम असा घेतला होता की त्याचे वय माहीत होते. शिसे किती यायला हवे हे कागदावर आधीच मांडता येत होते. प्रत्यक्षात आले कितीतरी पट जास्त, आणि पुन्हा मोजले की दुसराच आकडा.

दुसऱ्या कोणी यंत्राला दोष दिला असता. पॅटरसन खोलीकडे पाहू लागले. नळाच्या पाण्यात शिसे होते, काचेत होते, बाजारातून आणलेल्या आम्लांत होते, धुळीत, कपड्यांवर, केसांत, कातडीवर होते. मग सुरू झाली वर्षानुवर्षांची साफसफाई. पुढे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत त्यांना स्वतःची प्रयोगशाळा बांधायला मिळाली. तिथे गाळलेली हवा आत दाबाने सोडलेली असे, म्हणजे दार उघडले तर वारा बाहेर जाईल, धूळ आत येणार नाही. आम्ले ते पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध करत. आत येणाऱ्याने डोके झाकायचे, अंगावर स्वच्छ आवरण घालायचे. सोवळे पाळणाऱ्या आजीच्या स्वयंपाकघरातच एवढी कडक शिस्त पाहायला मिळाली असती. त्या शिस्तीतून १९५६ मध्ये पृथ्वीचे वय छापून आले, ४५५ कोटी वर्षे. तो अंदाज आजही जवळपास तसाच आहे.

पृथ्वीचे वय सापडल्यावर हा माणूस तिथेच थांबला असता, तरी विज्ञानाच्या इतिहासात त्याचे नाव राहिलेच असते. पण त्याला एक प्रश्न सोडत नव्हता: हे सगळीकडे पसरलेले शिसे येते कुठून? समुद्राचे पाणी मोजले, तर पृष्ठभागावर शिसे जास्त आणि खोल पाण्यात कमी. खोलचे पाणी जुने असते. म्हणजे वरचे शिसे अलीकडे पडलेले होते. ग्रीनलंडच्या बर्फात खणत थर मोजले, तर सुमारे २८०० वर्षांपूर्वीच्या बर्फापेक्षा विसाव्या शतकातल्या बर्फात शिसे शेकडो पट, आणि सर्वांत तीव्र वाढ १९४० नंतरची.

त्याआधीच १९६५ मध्ये पॅटरसन यांनी लिहून टाकले होते की लोक ज्याला नैसर्गिक म्हणतात ते फक्त नेहमीचे झाले आहे. प्रत्येकाच्या अंगात आहे म्हणून ते निसर्गाने दिलेले ठरत नाही. शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभर पट असावे, असे त्यांचे गणित होते. तेल कंपन्यांच्या संघटनेकडून त्यांच्या संशोधनाला मिळणारा पैसा थांबला. हवेतल्या शिशावर राष्ट्रीय पातळीवरची समिती १९७१ मध्ये नेमली गेली, तेव्हा या विषयात जगात सर्वांत नेमके मोजणारा माणूस तिच्यात नव्हता. ही गोष्ट वाचताना आजही मन खिन्न होते.

त्यांचे एक काम कमी सांगितले जाते, मला मात्र ते सर्वांत मोलाचे वाटते. सरकारी प्रयोगशाळांच्या आकड्यांप्रमाणे ताजा ट्यूना मासा आणि डबाबंद ट्यूना यांच्यातल्या शिशात फारसा फरक नव्हता. डब्याला शिशाचे डाख दिलेले असूनही नाही! पॅटरसन आणि त्यांच्या सहकारी डोरोथी सेटल यांनी तोच मासा आपल्या स्वच्छ खोलीत मोजला. त्यांचा १९८० चा निष्कर्ष असा की डब्यातल्या माशात शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या दहा हजार पट आहे. मापनातल्या चुकीने ते कित्येक दशके लपून राहिले होते. ताज्या माशात बाकीच्यांना सापडलेले शिसे बहुतांशी त्यांच्याच टेबलावरचे होते. कोणी खोटे बोलले नव्हते. सगळ्यांनी मन लावून चुकीचे मोजले होते.

अमेरिकेने १९७० च्या दशकात पेट्रोलमधले शिसे कमी करायला सुरुवात केली. त्या दशकाच्या शेवटी अमेरिकी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे होते. १९९१ पर्यंत ते २.८ वर आले. रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर तिथे पूर्ण बंदी आली १ जानेवारी १९९६ ला. पॅटरसन त्याआधी महिनाभरही नसेल, ५ डिसेंबर १९९५ ला गेले. मुंबईसह आपल्या चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल १९९५ मध्ये मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच. सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरिया थांबला.

पेट्रोल सुटले तरी शिसे आपल्या घरात इतर वाटांनी येत राहिले. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. स्वस्त कल्हईत कथलाबरोबर शिसेही असू शकते. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या भिंती आणि खिडक्यांचे पोपडे अजून पडतच आहेत. आणि भट्टीवरचा तो कामगार कपडे न बदलता घरी गेला, तर बाह्यांवरची धूळ त्याच्याबरोबर जाते आणि दारात धावत आलेल्या मुलाला तो उचलून घेतो. म्हणून चांगला तपासनीस नुसत्या डब्या गोळा करून निघत नाही. कपडे बदलायची खोली आहे का, नळाला पाणी आणि साबण आहे का, डबा कुठे उघडतात, हेही तो पाहून घेतो.

मुलांच्या १०० मिलिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले की लक्ष घालावे, असे अमेरिकी आरोग्य यंत्रणा आता सांगते. केहो यांच्या ८० पासून तिथवर यायला जवळपास एक शतक गेले. धातू वितळवण्याच्या आधीच्या माणसाच्या रक्तात किती असावे, याचा पॅटरसन यांच्या परंपरेतल्या शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज ०.०१६ आहे, आजच्या या सावध आकड्याच्याही दोनशेव्या भागाहून थोडा कमी. ज्याच्या रक्तात एवढेच शिसे आहे असा माणूस मोजायला मिळणे आज अवघड आहे. तुलनेसाठी पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जावे लागले ते पेरूमध्ये १,६०० वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांच्या हाडांपाशी. कोरा म्हणावा असा नमुना त्यांना तिथे मिळाला.